पोटमाळ्यावरची ट्रंक

विसरण्याच्या कामी मी सहसा कोणाला हार जाणार नाही. छत्री, चष्मा, कपाटाच्या किल्ल्या हे तर झालेच. पण मी स्वतः लिहिलेल्या कादंबऱ्यासुद्धा विसरतो. परवा ठाकूरद्वारच्या नाक्यावर एका वयस्क बाईंनी मला थांबवले आणि विचारले, "अहो, तुमच्या त्या नायिकेचा भाऊ शेवटपर्यंत परत का येत नाही हो?" मी किंचित हसलो आणि 'तेच तर कादंबरीचे मर्म आहे' अशा थाटात मान डोलावली. खरी गोष्ट अशी होती की, त्या नायिकेला भाऊ आहे हेच मला आठवत नव्हते. घरी येऊन पुस्तक काढून पाहिले. होता बिचारा! तिसऱ्या प्रकरणात तो नोकरीसाठी कलकत्त्याला गेला आणि लेखकाच्या कृपेने तिकडेच राहिला.

कादंबरीकार विसरला तर लोक कौतुकाने हसतात. ड्रॉइंगमास्तर विसरला तर कोणाचे काही अडत नाही. मी हे दोन्ही आहे, त्यामुळे माझे विसरणे आजवर मोठ्या सुखाने चालले होते. शिक्षण विचाराल तर मॅट्रिक. आता त्या परीक्षेला दहावी म्हणतात. पण आमचे वडील शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत, आणि मलाही तोच शब्द बरा वाटतो. दहावी म्हटले की पुढे अकरावी दिसू लागते. मॅट्रिक म्हटले की गाडी शेवटच्या स्टेशनात आल्यासारखी वाटते; उतरायला हरकत नाही. त्यानंतर चित्रकला शिकवण्याची पदविका घेतली ती पोटासाठी. तिला मी शिक्षणात धरत नाही.

विसरण्याचेही भय वाटू शकते, आणि ते माणसाची झोप उडवते, हे मला गेल्या दिवाळीत कळले. आमच्या भाचीमुळे कळले.

भाची मूळची चिपळूणची. अकरावीपासून ती आमच्याकडे फणसवाडीत राहते. (फणसवाडीत फणस नाही. केळेवाडीत केळ नाही, आंबेवाडीत आंबा नाही. झाडे गेली, नावे राहिली. शहरेही काही कमी विसराळू नसतात.) दोन खोल्यांचे आमचे बिऱ्हाड, पुढे सगळ्यांची मिळून एक गॅलरी, आणि गॅलरीच्या टोकाला जाऊन मान वाकडी केली तर बालाजीच्या देवळाच्या गोपुराचा शेंडा दिसतो. बी.एस्सी. झाल्यावर तिने एम.एस्सी.ला पदार्थविज्ञान घेतले. कॉलेज काळ्या घोड्याजवळचे, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. त्या दगडी इमारतीची कोनशिला १९११ साली बसली, आणि पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संचालक झालेले एम. जी. के. मेनन तिथेच शिकले, ही माहिती मला भाचीनेच दिली होती, तीही अशा ऐटीत की, मेनन जणू तिच्याच बाकावर बसत होते. पहिल्या वर्षी ती ऐट होती. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत ती पार गेली होती.

झाले असे. दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे पोटमाळा खाली येतो. म्हणजे माळा आपल्या जागी राहतो, त्यावरचे सगळे खाली येते: गणपतीचे मखर, मोडका पाळणा, तांब्याचा बंब, कोणाच्या तरी लग्नातले ताट, आणि 'हे कशाला ठेवलंय?' असे दर वर्षी विचारून दर वर्षी परत वर टाकलेले एक गाठोडे. त्यात भाचीची पत्र्याची ट्रंकही आली. तिच्यात अकरावी-बारावीच्या वह्या होत्या. आमची ही म्हणाली, "रद्दीवाल्याला देऊन टाकू का ग?" भाचीने "थांब मामी, बघते" म्हणून एक वही उघडली आणि गॅलरीत भिंतीला टेकून बसली.

अर्ध्या तासाने मी चहा घेऊन गेलो तर तिच्या भोवती सातआठ वह्या पसरलेल्या. चेहरा असा की, मला वाटले, वहीत कोणाची चिठ्ठीबिठ्ठी सापडली की काय!

"मामा, हे माझंच अक्षर आहे ना?"

"तुझंच. तो 'आय'वरचा गोल टिंब दुसरं कोण काढणार?"

"अक्षर माझं आहे. पण लिहिणारी कोण होती कुणास ठाऊक. मला ह्यातलं काही येत नाहीये."

मी हसलो. ती हसली नाही.

त्या दिवसापासून तिने स्वतःची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. रात्री दिवा मालवला की अंधारात स्वतःलाच एकेक प्रश्न विचारायचा: केशनळीत पाणी वर का चढते, किर्खहॉफचे नियम कुठले, दोन फटींतून आलेल्या प्रकाशाचे पट्टे किती अंतरावर पडतात. काही आठवत, काही अर्धवट आठवत, आणि काहींच्या जागी नुसती जागा. सूत्र ज्या पानावर होते ते पान आठवे, पानाच्या कोपऱ्यातला चहाचा डाग आठवे, सूत्र तेवढे आठवेना. चाळीच्या काळोख्या जिन्यात पायरी आहे म्हणून पाऊल टाकावे आणि पायरी नसावी, तशी ती प्रत्येक वेळी दचके. मला हे कळले ते ती अंथरुणात उठून बसते म्हणून. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कोणाचे जागरण कोणापासून लपत नाही.

भीतीला कारणही होते. डिसेंबरात तिची नेटची परीक्षा. ह्या परीक्षेचे मला एवढेच ठाऊक की, ती तीन तासांची आणि दोनशे गुणांची असते, आणि तिचा अभ्यासक्रम म्हणजे न्यूटनपासून पुढे सगळे. आमच्या वेळी वर्षाचे वर्षाला विसरायची सोय होती. हल्ली सेमिस्टरची पद्धत आहे. विषय सहा महिन्यांत येतो, परीक्षा होते आणि पाहुणा जावा तसा तो निघून जातो. गाद्या झटकून आपण पुढच्या पाहुण्याच्या तयारीला लागतो. आणि मग पाच वर्षांनी एखादी परीक्षा दार वाजवून विचारते, "ते सगळे पाहुणे कुठे आहेत?"

मी समजूत घालायला गेलो. मास्तराला समजूत घालण्याचा रोगच असतो. म्हटले, "अगं, मी नाही का सगळं विसरलो? आर्किमिडीज तेवढा लक्षात आहे, तोही नागडा धावला म्हणून. माझं काय बिघडलं?"

ती शांतपणे म्हणाली, "मामा, तुला ते परत लागलं नाही. म्हणून तुला विसरणं परवडलं."

बोलून गेल्यावर तिचे तिलाच वाईट वाटले असावे, कारण त्या दिवशी न सांगता तिने माझ्या धोतरजोडीएवढ्या जुन्या कुडत्याला इस्त्री करून ठेवली. पण वाक्य बसायचे तिथे बसले होते.

वसुबारसेच्या संध्याकाळी कळस झाला. दुपारभर गॅलरीत वर्तमानपत्रावर फटाके वाळत पडलेले. शेजारच्या बिऱ्हाडातल्या सातआठ वर्षांच्या मुलाला धीर कुठला? फुलबाज्या दमट आहेत की काय ते पाहण्याच्या निमित्ताने त्याने एक लावलीच. ठिणग्या त्याच्या हातावर पडत होत्या आणि तो खिदळत होता. फुलबाजी विझली, त्याने उगाच तारेला बोट लावले आणि बोंब ठोकली. बोट नळाखाली धरले, रडे थांबले, आणि मग तो हुंदके देत भाचीला म्हणाला, "ताई, ठिणगी पांढरीशुभ्र होती तरी भाजलं नाही. तार तर काळी झाली होती, मग ती कशी भाजली? तू सायन्सवाली ना?"

भाचीने तोंड उघडले. "त्याचं कारण असं..." म्हणाली आणि थांबली. "थांब हं, सांगते," म्हणून आत आली, ती मोरीच्या दारापाशी उभीच राहिली. थोड्या वेळाने मला म्हणाली, "मी चिपळूणला जाते. नेटचं राहू दे. आठ वर्षांच्या मुलाला उत्तर देता येत नाही, आणि मी तिथे फर्मीचं सांख्यिकी शिकतेय! ही शुद्ध लबाडी आहे मामा. आईचे पैसे फुकट चाललेत."

आता माझे सांगतो, कारण ह्यापुढच्या गोष्टीत माझाही थोडा स्वार्थ होता.

ट्रंकेच्या शेजारीच पोटमाळ्यावर माझेही एक खोके होते. ते मी त्या रात्री उघडले. त्यात माझ्या पदविकेच्या वह्या निघाल्या, आणि मानसशास्त्राच्या वहीत एक आकृती. वर उंच सुरू होणारी, मग एकदम कोसळणारी आणि पुढे सपाट पडून जमिनीशी समांतर चालणारी एक रेघ. तांबड्या शाईत मी ती फार सुबक काढली होती, खाली छायासुद्धा दिली होती. परीक्षकाने 'सुंदर' असा शेरा मारला होता. ती रेघ कशाची, हे मात्र मी साफ विसरलो होतो. शेजारी माझ्याच अक्षरात लिहिले होते: 'विसरण्याची वक्ररेषा. एबिंगहाऊस, १८८५.'

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत मी त्या गृहस्थाची माहिती पुन्हा मिळवली. हर्मान एबिंगहाऊस हा जर्मन मानसशास्त्रज्ञ. ज्यांना काही अर्थ नाही अशी सुमारे तेवीसशे अक्षरे त्याने जुळवली, त्यांच्या याद्या घड्याळाच्या ठेक्यावर पाठ केल्या, मग विसरू दिल्या आणि पुन्हा पाठ केल्या. पाठ करणारा तोच आणि तपासणाराही तोच. असे वर्षानुवर्षे. (त्याच्या घरच्या माणसांना काय वाटत असेल?) त्याला दिसले ते असे की, पहिल्या तासाभरातच निम्म्याहून अधिक हातचे जाते. एका दिवसात दोनतृतीयांश जाते. पण पुढे घसरण मंदावते. महिन्यानंतरसुद्धा एकपंचमांश शिल्लक असते.

इथवर माझ्या वहीतही होते. जे वहीत नव्हते, किंवा असून मला दिसले नव्हते, ते निराळेच. शिल्लक किती हे त्याने मोजले कसे? 'आता म्हणून दाखव' असे म्हणून नव्हे. म्हणून दाखवायला गेले तर पुष्कळदा काहीच येत नसे. त्याने मोजला तो पुन्हा पाठ करायला लागणारा वेळ. पहिल्या खेपेस जेवढा लागला त्याहून दुसऱ्या खेपेस जेवढा कमी, तेवढी शिल्लक. म्हणजे पेटी उघडून पाहिली तर रिकामी दिसते, उचलली तर जड लागते! पुढे तर त्याने तरुणपणी पाठ केलेली बायरनच्या 'डॉन जुआन'मधली कडवी बावीस वर्षांनी पुन्हा पाठ करून पाहिली. एकही ओळ आठवत नव्हती. तरी नव्या कडव्यांपेक्षा त्यांना वेळ कमी लागला.

संध्याकाळी मी भाचीला म्हटले, "चिपळूणची गाडी उद्याही आहे. आज एक प्रयोग करू. तू सायन्सवाली ना?"

प्रयोग साधा होता. तिच्या बारावीच्या वहीतला एक धडा घ्यायचा, जो तिला अजिबात येत नाही. तो तिने पुन्हा शिकायचा. घड्याळ लावून. पहिल्या वेळी किती वेळ लागला होता हे शोधायला नको होते. व्यवस्थित मुलीसारख्या तिने पानोपानी तारखा घातल्या होत्या. धडा निघाला फिरत्या वस्तूंचा. ८ जुलैला सुरू, १६ जुलैला संपला, मध्ये दोनदा लाल शाईत 'कळले नाही'. आणि तोच धडा शेजारी बसून मीही शिकायचा, पहिल्यांदाच. तिची शिल्लक मोजायला शून्य शिल्लक असलेला माणूस लागतो, आणि त्या कामाला माझ्याहून लायक माणूस चाळीत नव्हता.

इथे माझा स्वार्थ. १९९५ साली मी मॅट्रिक झालो तेव्हा अकरावी सायन्सचा फॉर्म भरून ठेवला होता. वडील कंपॉझिटर. गिरगावात एके काळी छापखान्यांना तोटा नव्हता. पण संगणक आले आणि शिशाचे खिळे वजनावर विकले जाऊ लागले. त्याच उन्हाळ्यात वडिलांचा छापखाना बंद झाला. फॉर्म दिला नाही. कोणी देऊ नको असे म्हटलेही नाही. तो कपाटावर राहिला आणि तारीख गेली. तीस वर्षांनी मी भाचीची वही मांडीवर घेतली तेव्हा मला जे वाटले त्याला शिकण्याची हौस म्हणता येईल की दुसरे काही, ते मला सांगता येत नाही. चकलीचा वास येत होता एवढे आठवते.

भाचीने पहिली दहा मिनिटे नुसती पान उलटण्यात घालवली. ओठ दाताखाली. मग तिने कागद ओढला आणि एक आकृती काढली. आकृतीखाली एक ओळ. मग दुसरी. तिसऱ्या ओळीपाशी अडली, आणि एकाएकी हात पुढे गेला. मी पाहत होतो. ती विचार करण्याआधी हात पुढे गेला होता.

मला वडील दिसले. देवनागरीचे शेकडो खिळे, पेट्यांतले शेकडो खण, आणि ते कागदावरची नजर न काढता एकेक खिळा उचलीत. मी लहानपणी विचारी, "बाबा, 'ळ' कुठल्या खणात?" त्यांना सांगता येत नसे. ते खरोखर गोंधळत. मग डोळे मिटून हात पुढे करीत आणि हात जिथे जाई तिकडे पाहून म्हणत, "हा बघ, इथे." छापखाना सुटल्यावर किती वर्षांनीसुद्धा ते वर्तमानपत्र वाचताना उजवा हात मांडीवर हलत असे.

"झालं," भाची म्हणाली. घड्याळात चाळीस मिनिटे झाली होती. आठ दिवसांच्या जागी चाळीस मिनिटे.

मला तीन संध्याकाळी लागल्या, आणि तेवढ्यात धड्यातले एकच कलम हाती आले. वस्तू मधोमध धरून फिरवली तर जेवढी जड लागते, त्याहून टोकाला धरून फिरवली तर अधिक जड लागते. किती अधिक, तर तिचे वस्तुमान गुणिले त्या दोन आसांमधल्या अंतराचा वर्ग. समीकरणे मला पचेनात. तेव्हा मी जळमटे काढायची लांब वेळूची काठी घेतली आणि गॅलरीत जाऊन आधी मधोमध धरून फिरवली, मग टोकाला धरून. भाची आतून ओरडली, "सरळ काठीला बरोबर चौपट, मामा!" मनगटाला ते चौपट कळले. समोरच्या बिऱ्हाडातल्या आजी मात्र "मास्तरांना काय झालं?" म्हणून हिला विचारून गेल्या.

ह्या प्रयोगाने भाचीचे समाधान झाले असे मी लिहिले तर ती कादंबरी होईल. ती म्हणाली, "ठीक आहे, हे परत आलं. पण ठिणगीचं काय? उष्णता आणि तापमान ह्यांतला फरक. शाळेत दोन मार्कांचा प्रश्न होता. मला दोनपैकी दोन पडले होते. तो का नाही येत?"

रात्री जेवणे झाल्यावर तिने माझ्याकडचा ड्रॉइंगचा मोठा कागद मागितला, मधून उभी रेघ मारली आणि डावीकडे मथळा दिला 'विसरले'. उजवीकडचा मथळा बराच वेळ कोराच होता. मग एकेक विषय डावीकडे लिहिताना ती थांबू लागली. काही खोडून उजवीकडे नेऊ लागली. शेवटी उजव्या बाजूला मथळा आला: 'कळलंच नव्हतं'.

पहाटेपर्यंत उजवी बाजू डावीहून लांब झाली होती. मला वाटले, आता ही नक्की चिपळूणला जाते. पण तिचा चेहरा कित्येक दिवसांनी मोकळा दिसत होता. "मामा, मी ह्यातलं विसरले नाहीये. हे माझ्याकडे कधी आलंच नव्हतं. मी व्याख्या पाठ केली होती. दोन मार्क व्याख्येला मिळाले."

चोरीला गेले म्हणून ज्याचा शोध चालू होता ते आपण विकतच घेतले नव्हते, हे कळल्यावर माणसाला हलके वाटते खरे. पण थोडी शरमही वाटत असणार. तिला वाटली. मला तर मास्तर म्हणून चांगलीच वाटली. दोनपैकी दोन देणारे हात आमचेच.

माझ्या आजीच्या तोंडी पावकी, निमकी, दिडकी, औटकी सगळी होती. ती रोज तिन्हीसांजेला दिव्यापाशी आम्हांला परवचा म्हणायला बसवी, तेव्हा आम्हांला तो जाच वाटे. 'येतं ना एकदा, मग रोज काय?' असे मी विचारले की ती म्हणे, "देवाला रोज दिवा लावतोस ना? कालचा लावलेला होता की!" जर्मन पंडिताच्या तांबड्या रेघेवर उतारा म्हणून परवचा फार उत्तम, ह्यात शंका नाही. पण परवच्याने राहते ते आधी आलेले. साडेतीन पट म्हणजे काय हे मला औटकीने नव्हे, वाण्याच्या दुकानात कळले.

आणि सगळेच डोक्यात ठेवले पाहिजे असे तरी कोणी सांगितले? ट्रंकेत लॉगच्या कोष्टकांचे पुस्तक निघाले तेव्हा मी भाचीला केरोपंत छत्र्यांची गोष्ट सांगितली. केरो लक्ष्मण छत्रे, टिळकांचे गणिताचे गुरू. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती (हे मी जरा ठासून सांगितले). कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरी करीत ते शिकले आणि पुढे प्राध्यापक झाले. १८६० साली त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' छापली. एवढा मोठा गणिती, पण ग्रहांचे आकडे त्याने कोष्टकात घातले. ज्याला लागतील त्याने पान काढून पाहावे. भाची म्हणाली, "पण कुठलं पान काढायचं ते कळायला हवं ना!" मी गप्प बसलो. मुलगी शिकलेली असली की मामाला शेवटचा शब्द मिळत नाही.

नरकचतुर्दशीला पहाटे बंब पेटला. उटणे, कारीट, सगळे यथासांग झाले. गॅलरीत कंदील हलत होते, बालाजीच्या देवळातून घंटा ऐकू येत होती. शेजारचा मुलगा बोटाला पट्टी बांधून फुलबाज्या घेऊन हजर. भाचीने त्याला बंबापाशी नेले. बंबाच्या तोटीतून कढत पाण्याचा एक थेंब तिने चमच्यावर घेतला आणि बादलीतल्या गार पाण्यात टाकला.

"बादली तापली का रे?"

त्याने हात घालून पाहिला. "छे!"

"थेंब तर कढत होता."

"पण एवढासा होता."

"आणि ठिणगी?"

तो विचारात पडला. तिनेच सांगितले की, ठिणगी म्हणजे जळता लोखंडाचा कण. हजार अंशांच्या वर तापलेला, पण इतका बारीक की, हाताला द्यायला त्याच्यापाशी उष्णताच थोडी. तार तेवढी तापलेली नसते, पण तिच्यापाशी देण्यासारखे पुष्कळ असते. म्हणून काळी झाली तरी तिला हात लावायचा नाही, आणि ठिणग्यासुद्धा डोळ्यांजवळ नाहीत.

पोरगा म्हणाला, "म्हणजे ठिणगी चिडकी आहे, पण बारकी आहे."

भाची क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हेच मला दोन मार्कांना लिहायला पाहिजे होतं."

चिपळूणला ती भाऊबिजेसाठी गेली आणि पाडव्याचे लाडू घेऊन गेली तशीच चिवड्याचा डबा घेऊन परत आली. डिसेंबरात परीक्षेला बसली. पहिल्या खेपेला थोडक्यात राहिले. दोन दिवस कोणाशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तो ड्रॉइंगचा कागद पुन्हा भिंतीवर लावला आणि उजव्या बाजूच्या चार ओळींवर काट मारली. रात्री ती अजूनही कधी कधी उठून बसते. परवा मी विचारले, "काय विसरलीस?" तर म्हणाली, "विसरले नाही. एक आठवलं, ते लिहून ठेवते."

ट्रंक मात्र पोटमाळ्यावर परत गेलेली नाही. ती दाराआड उभी आहे, आणि येताजाता हिच्या पायाला लागते. आता पुन्हा दिवाळी आली. परवा ही म्हणाली, "तिच्या वह्या तिला नको आहेत म्हणते. मग ह्या वर्षी तरी रद्दीत घालू का?"

मी म्हटले, "थांब. माझी अकरावी अजून व्हायची आहे. चौथा धडा चालू आहे."

"आणि पहिले तीन?"

ते मला पुन्हा एकदा काढून पाहावे लागतील.